सोनियाच्या नावाचं ऑफिस

आटपाडीच्या पुढं, माणदेशातल्या एका वाडीवर सोनिया सरगर वाढली. वडील वर्षातले निम्मे महिने मेंढरं घेऊन कृष्णाकाठच्या रानांत असायचे. ती बारावीला असताना ते वारले. आई अंबूबाईनं मेंढरं दिराच्या कळपात घातली आणि पोरीला कॉलेजसाठी सांगलीला ठेवलं. "शिकतीयास तर नीट शीक. मदीच माघारी आलीस तर मी काय बोलनार न्हाई, पर मेंढरामागं जावं लागंल," एवढंच ती म्हणाली होती.

बी.कॉम. झाल्यावर सोनिया बँकेच्या परीक्षा देत होती आणि दर वेळी थोडक्यात मागं राहत होती. तेव्हा सांगलीतल्या विश्रामबागेत तिला जयराज सरांचा क्लास दिसला. लोकांना म्युच्युअल फंड विकायचे असतील तर एक परीक्षा पास व्हावी लागते, मग नोंदणी होते, आणि नोंदणीचा एक नंबर मिळतो. त्या माणसामार्फत जो कुणी पैसे गुंतवेल, त्याच्या अर्जावर तो नंबर पडतो. या परीक्षेची तयारी सर करून घ्यायचे.

जयराज सर शिकवायचे फार छान. पन्नाशीचा माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, आवाज मऊ. "गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न काय?" असं ते विचारायचे आणि अख्खा वर्ग ओरडायचा, "पैसे परत कधी लागणार?" ज्याला पैसे लवकर लागणार त्याला शेअरच्या फंडात घालायचं नाही. परताव्याची खात्री कुणालाही द्यायची नाही, तोंडीसुद्धा नाही. सोनियाला हे आवडलं. बँकेच्या परीक्षेत घोकंपट्टी होती; इथं माणसाचा विचार होता. कोल्हापूरच्या केंद्रावर तिनं परीक्षा दिली आणि शेवटचं बटण दाबल्याबरोबर पडद्यावर निकाल आला. पास. बाहेर येऊन ती रस्त्याच्या कडेला नुसती उभी राहिली होती. पहिल्यांदाच कुणीतरी तिला थोडक्यात मागं ठेवलं नव्हतं.

आठवड्याभरात सरांनी बोलावून घेतलं.

"सोनिया, माझ्याकडे काम कर. पण नोकर म्हणून नाही. ऑफिस तुझ्या नावानं काढू. नोंदणी तुझी, बोर्ड तुझा. मी फक्त पाठीशी."

"माझ्या नावानं? पण सर, गिऱ्हाईकं तुमची..."

"माझं वय झालं गं. आता तुमच्यासारख्यांना पुढं करायचं."

तिला विचारायला दुसरं कुणी नव्हतंच. चुलत्याला फोन केला तर तो म्हणाला, तुझ्या बापाच्या नावाचा बोर्ड सांगलीत लागतोय, आणि तू मला विचारतीयास व्हय? उद्घाटनाला अंबूबाई एस.टी.नं आली. तिला वाचता येत नव्हतं. काचेवरची अक्षरं सोनियानं बोट ठेवून वाचून दाखवली: सोनिया सरगर, गुंतवणूक सल्ला व सेवा. अंबूबाईनं सरांच्या पाया पडायला हात पुढं केला. सर मागं सरकले आणि म्हणाले, "आवं, तुमच्या पोरीच्या ऑफिसात मी पाहुणा आहे."

पाहुणा आतल्या केबिनमध्ये बसायचा. सोनिया बाहेरच्या टेबलावर.

पहिल्या महिन्यातच तिला कळायला लागलं. फंड कंपन्यांकडून येणारं कमिशन तिच्या नावच्या खात्यात जमा व्हायचं, पण त्या खात्याला जोडलेला मोबाईल सरांच्या खिशात होता. तिला ते दरमहा पगार द्यायचे, तिच्याच खात्यातून. आयकराचे कागद तिच्या नावाचे, सही तिची, आणि त्यातलं उत्पन्न तिनं कधी पाहिलेलं नसायचं. एकदा विचारलं तर सर हसले. "ऑफिसचं भाडं, वीज, क्लासचा खर्च कोण बघतं? तू शिकून घे आधी."

एका फंड कंपनीचा माणूस पुण्याहून आला होता. सर खाली पान खायला गेले, तेव्हा तो सहज बोलून गेला, "तुमचं बरं झालं मॅडम. सरांचा परवाना तक्रारीत गेल्यापासून सांगलीतलं काम थांबलंच होतं आमचं." तिनं चेहरा हलू दिला नाही. तो गेल्यावर मात्र तिच्या हातातला पेन बराच वेळ तसाच राहिला. सरांचं वय झालं नव्हतं. त्यांना नंबर हवा होता.

त्या दिवशी संध्याकाळी ती सरांना विचारणार होती. पण दुपारीच तिच्या धाकट्या भावाचा, धुळाचा फोन आला. शिरवळच्या एका कारखान्यात तो कंत्राटावर लागला होता. सरांच्याच ओळखीनं. "ताई, कँटीन लय भारी हाय. आन सायबानं बोलून दावलं, जयराज सरांचा मानूस हाईस, काळजी करू नगंस." सोनियानं त्या दिवशी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. न विचारण्याची एकदा सवय लागली की ती अंगाला बसते.

केबिनची काच पातळ होती. गिऱ्हाईक आत गेलं की सरांचा मऊ आवाज बाहेर यायचा. "बँकेपेक्षा जास्त, आणि बुडायची भीती नाही. खात्रीनं सांगतो." वर्गात ज्या गोष्टी कधीच बोलायच्या नाहीत म्हणून ते शिकवायचे, त्या सगळ्या ते त्याच आवाजात आत बोलायचे. मग गिऱ्हाईक बाहेर येऊन सोनियासमोर बसायचं आणि ती अर्ज भरायची. जोखीम घ्यायची तयारी: जास्त. मुदत: दीर्घ. सर आतूनच सांगायचे, "तिथं दीर्घ लिही." ती लिहायची.

नाथाजी असाच आला होता. कुपवाडच्या एका फौंड्रीत त्यानं उमेदीची सगळी वर्षं काढली होती. भट्टीच्या धगीनं गालाची एक बाजू कायमची तांबडी झाली होती. कंपनीतून मोकळा झाला तेव्हा प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे मिळाले. बायको, हरणाबाई, तिचे दोन्ही गुडघे गेलेले. मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची दिवाळीनंतरची तारीख दिली होती.

"तवर पैसं सांभाळून ऱ्हायलं म्हंजी झालं," नाथाजी सोनियाला म्हणाला. "घरात ठेवलं की पोरं मागत्यात. बँकेत ठेवनार हुतो, पर फौंड्रीतली समदी म्हनली, धनगराची पोरगी हाय, बोर्ड हाय तिचा, तिकडं जा."

पैसे परत कधी लागणार? हा प्रश्न तिनं विचारायच्या आधीच त्यानं उत्तर दिलं होतं. दिवाळीनंतर. ती उठून केबिनमध्ये गेली.

"सर, यांच्या बायकोचं ऑपरेशन आहे. यांना शेअरच्या फंडात नको. साध्या ठेवीसारख्या फंडात घालू."

सरांनी चष्मा काढला. "ठेवीसारख्या फंडात तुला कमिशन किती मिळतं, माहीत आहे ना?"

"मला काही नको."

"तुला नको असेल. ऑफिसला हवंय." मग आवाज आणखी मऊ झाला. "बाजार वर चाललाय गं. दिवाळीपर्यंत त्याची बायको दोन्ही गुडघे बदलून वर तीर्थयात्रा करील. जा, अर्ज भर."

नाथाजीनं सही करताना जीभ दातांत धरली होती, शाळेतल्या मुलासारखी. अर्जाच्या खाली छापील जागेत सोनियाचा नंबर पडला.

दसऱ्याच्या सुमाराला बाजार उतरायला लागला. आधी लोक म्हणाले, होतं असं. मग म्हणेनासे झाले. लहान कंपन्यांच्या शेअरांचे फंड सगळ्यात जास्त पडले, आणि सरांनी बहुतेकांना त्याच फंडात घातलं होतं. ऑफिसातला फोन दिवसभर वाजायचा. सर त्या दिवसांत उशिरा यायचे आणि मागच्या जिन्यानं जायचे. बाहेरच्या टेबलावर सोनिया.

नाथाजी आला तो ओरडला नाही. समोरच्या खुर्चीत बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मॅडम, काय ऱ्हायलंय त्ये सांगा."

तिनं संगणकावर पाहून सांगितलं. त्यानं मान हलवली.

"दोन्ही गुडघं न्हाई हुनार मग."

"थांबलात तर परत वर येईल, नाथाजीमामा. पण कधी, ते मी सांगू शकत नाही."

"तवा तर आतल्या सायबांनी सांगितलं हुतं, भीती न्हाई म्हनून."

"हो."

"तुमी बाहीर बसला हुता. तुमाला ऐकू गेलं आसंल."

सोनिया संगणकाकडंच बघत राहिली. नाथाजीनं थोडा वेळ वाट पाहिली आणि म्हणाला, "बोर्डावर तुमचं नाव हाय म्हनून आलो हुतो," आणि टोपी घालून निघून गेला. पुढं पडत्या बाजारातच त्यानं सगळे पैसे काढले आणि हरणाबाईचा एकच गुडघा बदलला.

नाथाजी येऊन गेला त्याच दुपारी सोनियानं राजीनामा लिहिला. मग तिच्या लक्षात आलं की राजीनामा द्यायचा कुणाला? कागदावर मालक तीच होती. तरी ती आत गेली.

"सर, मी जाते."

"जा की." त्यांनी मोबाईलवरून नजर काढली नाही. "पण कुठं जाशील? अर्जांवर नंबर कुणाचा? खातं कुणाचं? उद्या यातल्या एकानं तक्रार केली तर नोटीस कुणाला येईल? मी इथं क्लास चालवतो, बास. तू इथं आहेस तोवर मी लोकांना समजावतो, सांभाळतो. तू गेलीस तर त्यांनी तुझ्या घरी यायचं, आटपाडीला." मग थोडं थांबून म्हणाले, "धुळा कसा आहे? कंत्राट वाढायचंय ना त्याचं?"

ती परत आपल्या खुर्चीत येऊन बसली. संध्याकाळपर्यंत तिनं चार फोन घेतले आणि प्रत्येकाला सांगितलं, थोडं थांबा. त्या दिवसांत ती खोलीवर जाऊन दिवा न लावता पडून राहायची. आईचा फोन आला की आवाज नीट करून उचलायची. अंबूबाई वाडीवरच्या बायकांच्या निरोपांची यादीच सांगायची, हिचे पैसे तुझ्याकडं ठेवायचेत, तिचे ठेवायचेत. "आई, आत्ता नको. बाजार बरा नाही," ती म्हणायची. "बाजार कवा बरा हुईल?" असं आईनं विचारलं की ती मेंढरांचं काहीतरी विचारायची.

शनिवार-रविवारचा क्लास आता सोनियाच घ्यायची. समोर वीस-बावीस वर्षांची मुलं. फळ्यावर ती लिहायची, परताव्याची खात्री देता येत नाही. मुलं वहीत उतरवून घ्यायची. त्यांत शिराळ्याची प्रांजल होती, निवृत्त सुभेदाराची मुलगी, पहिल्या बाकावर बसणारी, प्रत्येक गोष्टीला "का?" विचारणारी. ती पहिल्याच फटक्यात पास झाली. पेढे घेऊन आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते.

"मॅडम, सर म्हणाले शिराळ्यात शाखा काढायची. बोर्ड माझ्या नावाचा! पप्पांना तर खरंच वाटेना."

सोनियानं पेढा हातात घेतला आणि तसाच टेबलावर ठेवला. तिनं प्रांजलला बाहेर, गॅलरीत नेलं आणि सगळं सांगितलं. खातं, मोबाईल, सरांचा गेलेला परवाना, नाथाजी. प्रांजल ऐकत राहिली. दोन दिवसांनी परत आली तेव्हा तिनं सोनियाकडं पाहिलं नाही.

"सरांना विचारलं मी. ते म्हणाले, शाखा निघाली की तुमचं महत्त्व कमी होणार, म्हणून तुम्ही असं बोलताय."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला माहीत नाही. पण मॅडम, इतकं वाईट असतं तर तुम्ही अजून इथं कशा?"

त्या प्रश्नानं सोनियाला जितकं लागलं तितकं सरांच्या धमकीनंही लागलं नव्हतं.

त्याच महिन्यात तिच्या प्रमाणपत्राची मुदत संपत आली. ते तीन वर्षांनी नवं करावं लागतं. पुन्हा परीक्षा द्यायची नाहीतर एक दिवसाचं प्रशिक्षण घ्यायचं. सरांनी कोल्हापूरच्या प्रशिक्षणाला तिचं नाव घालून ठेवलं. सोनियानं बरेच दिवस विचार केला होता की जायचंच नाही. नंबर आपोआप झोपेल, ऑफिस बंद पडेल, आपण सुटू. पण मग सर शिराळ्याला जातील, प्रांजलचा नंबर घेतील, आणि नाथाजीच्या अर्जावरचं 'दीर्घ' तसंच राहील. नुसतं निघून जाण्यानं काहीच होणार नव्हतं.

प्रशिक्षणाच्या दिवशी सकाळी ती बसस्थानकावर गेली. कोल्हापूरची गाडी लागली होती. ती गाडी तिनं पुढं जाऊ दिली आणि रिक्षा करून कुपवाडला गेली.

नाथाजीच्या माडीवरच्या दोन खोल्यांच्या घरात हरणाबाई पलंगावर पाय पसरून बसली होती. एक पाय सरळ, दुसऱ्याखाली उशी. सोनियाला पाहून ती तोंड फिरवून भिंतीकडं बघायला लागली. नाथाजीनं पाणी दिलं.

"मामा, तुम्ही तक्रार करायची. मी लिहून देते. सरकारी नियामकाच्या संकेतस्थळावर घालायची आणि फंड कंपनीलाही पाठवायची."

"कुनाच्या इरुद्द? त्या सायबाच्या?"

"त्यांचं नाव कागदावर कुठं नाही. माझ्या विरुद्ध."

नाथाजी बघतच राहिला. "तुमच्या हातानं, तुमच्याच इरुद्द?"

"ज्याचा नंबर, तक्रार त्याच्यावरच होते. मग चौकशी झाली की मी सरांचंही सांगेन. पण आधी कुणीतरी माझ्यावर करायला हवी. ऑपरेशन दिवाळीनंतर आहे हे मला माहीत होतं, मी तरी 'दीर्घ' लिहिलं. हे खरंच आहे."

"न्हाई बा. म्या लेकीच्या वयाच्या पोरीवर..."

तेव्हा हरणाबाई भिंतीकडं बघतच बोलली, "करा म्हनतीया तर करा. जिन्यावनं बसून उतरतीया मी. तिला काय वाटंल ते वाटू द्या."

सोनियानं मोबाईलवर तक्रार लिहिली. तक्रारदार: नाथाजी. तक्रार कुणाविरुद्ध, या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव आणि नंबर घातला. नाव लिहिताना तिला आपण दुसऱ्याच कुणाबद्दल लिहितोय असं वाटलं. पाठवण्याआधी तिनं ती मोठ्यानं वाचून दाखवली. नाथाजीनं एकच दुरुस्ती सांगितली, "'फसवलं' नगा लिवू. 'सांगितलं न्हाई' लिवा." तिनं तसं केलं.

पुढचे महिने फार वाईट गेले. नोटीस आली ती ऑफिसच्या पत्त्यावर. सरांनी ती उघडून तिच्यासमोर टाकली आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. त्या दिवशी त्यांनी केबिन रिकामी केली. चौकशी व्हिडिओवर झाली. सोनियानं सगळं सांगितलं, अगदी खात्याला जोडलेल्या मोबाईलपर्यंत. सरांनाही बोलावलं होतं. ते म्हणाले, मी शिक्षक आहे, मुलीला मार्गदर्शन केलं, धंदा तिचा होता, कागद बघा. कागद तेच सांगत होते. चौकशी समितीतल्या एका बाईंनी तिला विचारलं, "हे सगळं माहीत होतं, तर इतके दिवस गप्प का होतात?" तिनं धुळाचं नाव घेतलं नाही. "भीती वाटत होती," एवढंच म्हणाली.

निकाल आला. तिची नोंदणी काही काळासाठी निलंबित झाली, यायचं राहिलेलं कमिशन गोठवलं गेलं, आणि आयकराच्या नोटिसा तिच्याच नावानं यायला लागल्या. सरांबद्दल एक ओळ होती: संबंधित व्यक्तीच्या भूमिकेची स्वतंत्र चौकशी करावी. ती चौकशी अजून चालूच आहे म्हणतात. जयराज सर आता दुसऱ्या गावी क्लास घेतात. नाथाजीला निकालातून एक पैसाही मिळाला नाही. नुकसान बाजाराचं होतं, असं लिहिलं होतं. तरी तो निकालाचा कागद घेऊन फौंड्रीत गेला आणि त्यानं एकाला तो भट्टीवरच्या सगळ्यांसमोर वाचायला लावला. त्यानंतर कितीतरी लोकांनी आपले अर्ज काढून बघितले.

शिराळ्याची शाखा निघाली नाही. निकाल कळल्यावर प्रांजलचे वडील स्वतः सांगलीला आले आणि तिचं मूळ प्रमाणपत्र सरांकडून मागून घेऊन गेले. प्रांजलनं सोनियाला कधी फोन केला नाही. ती इस्लामपूरला एका पतसंस्थेत आहे, असं ऐकलं.

धुळाचं कंत्राट वाढलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही. तो बरेच महिने ताईशी बोलला नाही. आईकडून निरोप यायचे. मग एकदा खरसुंडीच्या यात्रेत दोघं समोरासमोर आली, तेव्हा त्यानं नजर खाली ठेवून विचारलं, "जेवलीस का?" ती म्हणाली, "न्हाई." दोघं एका ताटात जेवली. त्या विषयावर मात्र आजवर काही बोलणं झालेलं नाही.

सोनिया आता तासगाव रस्त्याला बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेबाचं काम बघते. थंड खोल्यांतून येणाऱ्या गोडसर वासात दिवस जातो. कुणी गुंतवणुकीबद्दल विचारलं की तिला सांगावं लागतं, मला सध्या सल्ला देता येत नाही. निलंबन संपेल तेव्हा पुन्हा परीक्षा देता येईल. ती द्यायची की नाही, हे तिचं अजून ठरलेलं नाही. आयकराचं प्रकरण सुटायला किती वर्षं लागतील, तेही कुणी सांगत नाही.

मागच्या महिन्यात विट्याकडचं एक स्थळ आलं होतं. मुलाच्या घरच्यांनी तिचं नाव मोबाईलवर शोधलं आणि दुसऱ्या दिवशी नकार कळवला. अंबूबाई सांगलीला आली होती. सोनियानं तिला सांगितलं, आई, माझं नाव निलंबित लोकांच्या यादीत आहे, कुणालाही दिसतं.

अंबूबाई लसूण सोलत होती. "काय लिवलंय तितं?"

"नाव, नंबर, आणि कारण. गिऱ्हाइकाला अयोग्य ठिकाणी गुंतवायला लावलं म्हणून."

"आन तक्रार कुनी लिवली, त्ये लिवलंय का?"

"न्हाई. तसं लिहीत नाहीत ते."

अंबूबाईनं उरलेल्या पाकळ्या सोलल्या. मग तिनं सोललेला लसूण लेकीकडं सरकवला आणि म्हणाली, "वाटून घे. भाकरी टाकते मी."